राहण्याजोगं गाव

चेस्टर गुडाइटिसने ऑस्टरबी पसंत केलं ते मुलीसाठी स्थळ बघावं तसं, चहूबाजूंनी चौकशी करून. शिकागोच्या बस डेपोत त्याने उभा जन्म इंजिनं दुरुस्त केली होती. निवृत्तीनंतर त्याला एकच उद्योग उरला, स्वस्त आणि सुखाचं गाव शोधण्याचा. घरपट्टी कुठे कमी, हिवाळ्यात गॅसचं बिल किती येतं, दवाखाना किती लांब, नळाच्या पाण्याला वास येतो का. आयोवातल्या आमच्या या एवढ्याशा गावात, शिकागोत ज्या पैशात नुसतं गॅरेज आलं नसतं त्या पैशात, अंगणासकट दुमजली घर मिळत होतं. चेस्टरने सगळं तोलून पाहिलं. बायकोला तेवढं तोललं नाही, कारण तिचं वजन आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटत होतं.

बर्निसला यायचंच नव्हतं. तिची बहीण दोन घरं सोडून राहायची आणि रविवारी चर्चहून आल्यावर दोघी मिळून कुगेलिस नावाचा किसलेल्या बटाट्याचा केक भाजायच्या.

"इथे बेकरीवाला मला नावाने हाक मारतो," ती म्हणाली.

"तिथे अख्खं गाव मारेल."

"आणि नाही मारली तर?"

"तर परत येऊ. त्यात काय."

परत येता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिकागोच्या घराचा सौदा त्याने त्याआधीच ठरवून टाकला होता, आणि ऑस्टरबीचं घर विकून आलेल्या पैशात पुन्हा त्याच गल्लीत न्हाणीघरही आलं नसतं.

खरं सांगायचं तर स्वस्ताई हे निमित्त होतं. डेपोत त्याला सगळे 'ए गुडाइटिस' म्हणून ओरडत, आणि निवृत्त झाल्यावर तेवढंही कोणी ओरडेना. ऑस्टरबी बघायला आला तेव्हा त्याने धान्याच्या कोठाराच्या कचेरीतलं लांब टेबल पाहिलं. रोज सकाळी गावातले दहाबारा जण तिथे कॉफी पितात आणि पैसे कोणी द्यायचे यासाठी फासे टाकतात. हरणाऱ्याची इतकी खेचतात की बिचाऱ्याला कॉफी गोड लागावी. त्या टेबलाशी आपल्यालाही बसायला मिळावं, आपल्या हातातही फासे यावेत, एवढीच चेस्टरची हाव होती. हाव लहान होती, पण माणूस तिच्यासाठी बायकोला उपटून घेऊन आला.

नोव्हेंबरात त्याला टेबलाशी 'बसा' म्हणाले. बर्फ हटवायचं यंत्र चालवणारा मर्ल त्याच्याकडे सरकून म्हणाला, "तुम्ही त्या इंगेब्रिटसनच्या घरात राहता ना?"

"ते आता माझं घर आहे."

"हो हो, तेच. इंगेब्रिटसनचं."

चेस्टरला हे झोंबलं, पण तो हसला. फासे अजून त्याच्यापर्यंत आले नव्हते. येतील, असं त्याने घरी येऊन बर्निसला सांगितलं. बर्निस बटाटे किसत होती. तिने मान वर केली नाही.

जानेवारीत बर्फ असा पडला की खिडक्या निम्म्या बुजल्या. चेस्टरने सकाळभर फावडं चालवून घरासमोरची रस्त्यावरची जागा मोकळी केली. मग औषधं आणायला शेजारच्या गावी जाताना स्वयंपाकघरातली एक जुनी खुर्ची त्या जागेच्या मधोमध ठेवली. शिकागोत हा कायद्याच्या वरचा कायदा आहे. ज्याने बर्फ उपसला त्याच्या बापाची ती जागा, आणि खुर्ची म्हणजे त्या बापाची सही. ती हलवून कोणी गाडी लावली तर बर्फ उपसणारा त्या गाडीवर बादल्यांनी पाणी ओततो. थंडीत पाणी गोठतं आणि गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी बंद होते. गल्लीत कोणी पोलिसांना बोलवत नाही. उलट, बरं केलंस म्हणतात.

आमच्या गावात जागेचा तुटवडा कोणी जन्मात पाहिलेला नाही. रस्त्यात खुर्ची कशाला ठेवतात, हे चेस्टरला कोणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलंही नाही.

त्या दिवशी समोरच्या चर्चमध्ये ऑर्व्हिल थोरसनचा अंत्यविधी होता. तळघरात बायका पावाला लोणी लावत होत्या आणि त्यांनी बर्निसला पहिल्यांदाच मदतीला बोलावलं होतं. चेस्टर औषधं घेऊन परतला तेव्हा आत गाणी चालली होती. त्याची खुर्ची गायब होती आणि त्याच्या जागेत एक जुनाट हिरवा पिकअप उभा होता.

"मयत झाली म्हणून काय खुर्च्या चोरायच्या?" तो मोटारीतल्या मोटारीतच म्हणाला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि इथे तर मेलेला दुसराच होता. चेस्टर आपल्या घराच्या तळघरातल्या नळाखाली बादली भरायचा, जिना चढायचा आणि ओतायचा. दारांच्या फटीत, कुलपांत, काचेवर, चाकांत. हात सरावाचा होता. दम लागला तरी त्याला मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. काम चोख झाल्यावर तो आत येऊन कॉफी पीत बसला आणि खिडकीतून वाट पाहू लागला.

चर्चचं दार उघडलं. शवपेटी शववाहिनीत चढली. मग ऑर्व्हिलची विधवा आर्लिस रस्ता ओलांडून सरळ चेस्टरच्या दाराशी आली. मागे तिचा पुतण्या डीन होता आणि त्याच्या हातात खुर्ची होती.

"मिस्टर गुडाइटिस, ही तुमची खुर्ची," आर्लिस म्हणाली. "माझ्या नणंदेला उभं राहवत नाही. डीन म्हणाला, शिकागोवाल्यांनी मुद्दाम बाहेर काढून ठेवलीय, आत बाकं पुरायची नाहीत म्हणून. तुम्ही आमच्यासाठी जागासुद्धा साफ करून ठेवलीत. ऑर्व्हिलला फार बरं वाटलं असतं."

तेवढ्यात डीन पिकअपकडे वळला आणि तिथेच थांबला. तो पिकअप ऑर्व्हिलचा होता. पेटीच्या मागून तोच चालवत न्यायचा असं आर्लिसने ठरवलं होतं, आणि हे गावात चेस्टर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

एकेक करत माणसं जमली. कोणी आवाज चढवला नाही. मर्लने बर्फाच्या कवचावर हातमोज्याने टकटक केलं आणि म्हणाला, "पाइप फुटला असणार. इंगेब्रिटसनच्या घराचा पाइप दर जानेवारीत फुटतो."

"फुटतोच," कोणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

पाइप फुटून पाणी गाडीच्या टपावर चढत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही कळलं असतं. गावाने चेस्टरला सुटायला दार उघडून दिलं होतं. त्याने फक्त बाहेर पडायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "पाइपच…"

"पाइप नाही," बर्निस म्हणाली. ती कोटाखाली ॲप्रन बांधलेलीच गर्दीत उभी होती. "त्याने बादल्यांनी ओतलंय. आमच्याकडे कोणी खुर्ची हलवली की असंच करतात. त्याला वाटलं तुम्ही चोरली."

आर्लिसने पिकअपकडे पाहिलं, मग चेस्टरकडे. "बरं," ती म्हणाली. डीनच्या हातातून खुर्ची घेऊन तिने त्याच्या पायरीवर नीट ठेवली, आणि नवऱ्याच्या मागे पाद्र्याच्या मोटारीत बसून गेली.

संध्याकाळी चेस्टर बायकोवर धावून गेला. "एक शब्द गिळला असतास तर काय मेली असतीस?"

"चाळीस वर्षं गिळतेच आहे, चेस्टर. आता पोट भरलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण शिक्षा सुरू व्हायची होती, आणि आमचं गाव शिक्षा फार गोड तोंडाने देतं. पिकअप हलवायला मदत करतो म्हणून चेस्टर डीनकडे गेला, तर डीन म्हणाला, "राहू दे, घाई नाही." मार्चमध्ये बर्फ वितळेपर्यंत ऑर्व्हिलचा पिकअप चेस्टरच्या खिडकीसमोर उभा होता. मर्ल सबंध गल्ली साफ करायचा आणि त्याला वळसा घालून जायचा.

टेबलाशी त्याला कोणी 'येऊ नका' म्हणालं नाही. तो आला की कॉफी भरून समोर ठेवत. फासे फिरायचे, शेजाऱ्यापर्यंत यायचे आणि चेस्टरला ओलांडून पुढे जायचे.

"मलाही टाकू द्या की," तो एकदा म्हणाला.

"छे, तुम्ही पाहुणे," मर्ल म्हणाला. "पाहुण्यांकडून पैसे घेतात का?"

सगळे मनापासून हसले. चेस्टर त्या हिवाळ्यात एवढी फुकट कॉफी प्यायला की त्याचा हिशेब जमेत धरला असता तर गाव आणखी स्वस्त पडलं असतं.

बर्निस मात्र दुसऱ्याच दिवशी कुगेलिस घेऊन आर्लिसकडे गेली होती. मग रोज जाऊ लागली. दोघी मिळून ऑर्व्हिलचे कपडे आवरायच्या, भांडी घासायच्या, कोणाकोणाची टवाळी करायच्या. फेब्रुवारीत दुकानातली बाई तिला नावाने हाक मारू लागली. एप्रिलमध्ये बर्निसने एक सूटकेस भरली आणि आर्लिसच्या वरच्या खोलीत राहायला गेली. आर्लिसचं घर चर्चच्या शेजारी, म्हणजे चेस्टरच्या खिडकीतून दिसेल असं.

चेस्टरने आठवडाभर पडद्याआडून पाहिलं. मग दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रस्ता ओलांडला. दार आर्लिसने उघडलं. ती म्हणाली, "या, ओसरीवर बसा, कॉफी आणते," आणि जाळीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बर्निस बाहेर आली. तिचे हात पिठाने भरलेले होते.

"ऐक," चेस्टर म्हणाला. येताना पाठ केलेलं सगळं तो विसरला होता. "माझं चुकलं. घर विकू, मिळेल त्या भावात. तुझ्या बहिणीजवळ एखादी खोली बघू. आपण शिकागोला परत जाऊ, बर्निस. तुला हवं होतं तेच."

बर्निसने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिला हवं ते प्रथमच देऊ केलं होतं.

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "मला इथे करमतं. तू जा."

आतून आर्लिसने तिला हाक मारली. भट्टीतला पाव करपत होता. बर्निस आत गेली, आणि चेस्टर कॉफीची वाट पाहत ओसरीवर बसून राहिला.