लव्हेलची अकरा मिनिटं

आमच्या लव्हेलला गप्प बसणं कधी जमलंच नाही. दिवसभर अमेरिकेतल्या आमच्या फ्लिंट शहरात सिटी बस हाकायची आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणालाही फुकटात कार्यक्रम करू देणाऱ्या केबलच्या चॅनलवर अर्धा तास मुलाखती घ्यायच्या. तरुणपणी स्वतः रॅप करायचा. एक कॅसेट काढली, तिचे खोके अजून आईच्या तळघरात पडलेत. मग त्याने दुसऱ्यांना बोलतं करायचं ठरवलं. कॅमेरा मी धरायचे, त्याची थोरली बहीण. बसमध्येही लोक त्याला ओळखायचे, याचा मलाही अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

त्या मार्चमध्ये कॉर्नेल टिबेट्स आला. बावीस वर्षांचा, चर्चच्या गायनवृंदातून रॅपकडे वळलेला. पंधरा मिनिटं तो आईवर आणि बंद पडलेल्या कारखान्यावर गायला. लव्हेल जांभया दाबत होता. मग त्याने शहरातल्या दुसऱ्या, टोळी बाळगणाऱ्या रॅपरचं नाव काढून काडी टाकली.

"तो बिग टायरस म्हणतो, तुझी गाणी म्हणजे रविवारची बालवाडी."

"माझं त्याच्याशी काही भांडण नाही, अंकल लव्हेल."

"भांडण नाही, की टरकलास?"

"जाऊ द्या ना, अंकल."

"अरे, सगळं शहर बघतंय! की आईला विचारून सांगतोस?"

पोरगा कसनुसा हसला आणि मग टायरसला नको नको ते बोलला. मी कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ नेला.

तेवढी अकरा मिनिटं वेगळी काढून आम्ही लोकांच्या मागणीवरून तीनदा दाखवली. बाकीची टेप नेहमीसारखी पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरली. चौथ्या आठवड्यात टायरसच्या माणसांनी कॉर्नेलला पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या.

त्याच्या आईचा, मिस अर्नेटाचा, लव्हेलला फोन आला. "चर्चमध्ये त्याचं गाणं लावायचंय रे. माझ्याकडे त्याचा आवाजच नाही."

"गाणं पुसलं गेलं, मिस अर्नेटा."

"मग जे उरलंय ते आण."

लव्हेल म्हणाला, "माझे प्रश्न तेवढे काप." मी कापले. आता कॉर्नेल आपणहून भांडण उकरून काढायला आल्यासारखा दिसू लागला.

"हे त्याच्या आईला दाखवणार आहेस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

त्याने कापलेली टेप पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाला, "जोड परत."

चर्चमध्ये टेप संपली तेव्हा पाद्रीबाबांच्या तोंडूनही आमेन निघालं नाही. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं सुरू झाली. लव्हेलने कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव असं ताट वाढून मिस अर्नेटापुढे नेलं.

"दोनदा नको म्हणाला माझा लेक," ती म्हणाली. "तुला ऐकू नाही आलं?"

"आलं होतं."

तिने तोंड फिरवलं. तो ताट धरून तिथेच उभा राहिला. ते त्याच्या हातून घ्यायला कुणीच पुढे झालं नाही. मीसुद्धा नाही.