लाईन जोडून देणारा मामा

माझ्या भाचीला या ऑफिसात मीच चिकटवली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

आमचं मालवाहतुकीचं बुकिंग ऑफिस. अकरा टेबलं, त्यातलं एक माझं. सकाळी कॉम्प्युटर हेड ऑफिसच्या लाईनला जोडल्याशिवाय एक पावती निघत नाही. जोडायचं म्हणजे आधी सेटिंग, त्यात नेटवर्क, त्यात आणखी एक खिडकी, तिच्या पोटात आणखी एक. ही वाट एकट्या मला पाठ. चौदा वर्षं रोज सकाळी मी दहा टेबलं फिरलो. लोक खुर्ची सोडून उभे राहायचे. टेलिफोनवाल्या बाई म्हणायच्या, "तुम्ही आलात की आमचा दिवस सुरू होतो बघा." घरी असं कोण म्हणतं हो?

भाची आली आणि चौथ्याच दिवशी म्हणाली, "मामा, गुडघे दुखतात ना तुमचे? मग हे रोजचं फिरणं कशाला?" त्या शेवटच्या खिडकीत लाईनच्या चित्रावर तिनं माऊसचं उजवं बटण दाबलं, शॉर्टकट केला आणि डेस्कटॉपवर आणून ठेवला. दोनदा क्लिक करा, लाईन चालू! दुपारपर्यंत अकराही टेबलांवर तेच.

दुसऱ्या दिवशी मी फिरायला उठलो, तर कुणी मान वर करेना. टेलिफोनवाल्या बाई तिला म्हणत होत्या, "तू आलीस आणि सुटले गं बाई!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुटले? माझ्यापासून? सख्ख्या बहिणीची मुलगी, कडेवर खेळवलेली. पण खोटं कशाला बोलू, ती हसली तरी माझा जळफळाट व्हायचा.

ऑफिसची किल्ली माझ्याकडे. शनिवारी तासभर आधी, नवालाच गेलो, एकेका कॉम्प्युटरवरचा शॉर्टकट उडवला आणि पेपर उघडून हाकेची वाट बघत बसलो.

हाक आली. "अगं ए, लाईनचं बटण गायब झालंय! ये लवकर!" माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

भाचीनं बाईंच्या कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. आत शॉर्टकट होता आणि शेजारी उडवल्याची वेळ, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. ऑफिसची किल्ली कुणाकडे असते ते तिला ठाऊक. ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

माझ्या डेस्कटॉपवर शॉर्टकट जागच्या जागी होता. दहा उडवले, पण स्वतःचा उडवायला हात धजला नव्हता. त्या खिडक्यांना मीही विटलो होतो ना!

तिनं माझ्याकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वळून मोठ्यानं म्हणाली, "मामांकडे आहे अजून. मामा, चला, तुम्हीच परत लावून द्या सगळ्यांना."

मी उठलो. लोक पूर्वीसारखे खुर्ची सोडून उभे राहिले. टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं हो." मला ते ऐकवेना.

भाची माझ्या गुडघ्यांसाठी स्टूल घेऊन मागून येत होती. तिचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.