पाठमोऱ्या बायकांचं चित्र

त्या चित्राचा तपास मी इतका चोख केला नसता, तर एक बाई आज जिवंत असती. पोलिसातल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण मन खातं ते याच प्रकरणात.

इंदापुरात नेमणूक होती. एके सकाळी फोन आला की प्रदर्शनात आमच्या गावच्या बायका उघड्या दाखवल्यात, तुम्ही या, नाहीतर आम्ही फाडतो. बावडा गावाकडच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकाचं ते चित्र. नीरा नदीच्या पाण्यात आंघोळ करणाऱ्या चार बायका, चौघीही पाठमोऱ्या. मी चित्र जप्त केलं आणि मास्तरांना ठाण्यात आणलं.

मास्तर म्हणाले, आंघोळ करणाऱ्या बायका हा जगभरातल्या चित्रकारांचा जुना विषय आहे. मला कलेतलं काही कळत नव्हतं. चित्रासाठी समोर बसली होती कोण, एवढंच मी विचारत राहिलो. तिने स्वखुशीचा जबाब दिला की प्रकरण मिटेल, असा माझा हिशेब. मास्तर दुपारपर्यंत नाव सांगेनात. मी हात उगारला नाही, फक्त म्हणालो, तुमच्या बायकोलाच बोलावतो. त्यावर ते खचले आणि त्यांनी नाव सांगितलं.

"साहेब, एकच बाई बसली व्हती, अंगभर लुगडं नेसून. आंघोळ माझ्या मनातली हाय. तिचं नाव भाईर जाऊ देऊ नका."

ती भेंडी तोडायला जाणारी विधवा होती, दिराच्या घरात राहायची. महिला शिपायासोबत आली. घाबरली नव्हती.

"माझ्या मनानं बसले, साहेब. आंघुळीच्या वक्ताला मला कुणी हाक मारत न्हाय. तेवढंच सुख हाय. मास्तरांनी त्येच काढलं."

मला हायसं वाटलं. तिचा जबाब लिहून झाल्यावर त्याच खोलीत चित्राच्या पंचनाम्यासाठी दोन पंच येऊन बसले. हवालदाराने नेहमीच्या सवयीने ठाण्याच्या फाटकापाशी जमलेल्या गावकऱ्यांतले दोन प्रतिष्ठित दिसणारे आत घेतलेले. मी तिचा जबाब नियमाप्रमाणे नावगावासकट मोठ्याने वाचून दाखवला. एक पंच उठून बाहेर गेला. तो तिचा दीर होता. पंच तिचे कोण, हे मी विचारलंच नव्हतं. ते आत आले तेव्हाच तिने पदर पुढे ओढला होता.

गुन्हा काही निघाला नाही. मास्तरांना चित्र परत दिलं.

चौथ्या दिवशी नीरेत तिचं प्रेत सापडलं. आंघोळीला गेली, पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. अंगावर खूण नाही, साक्षीदार नाही. गावातलं कुणी तोंड उघडेना. दिराला दोन दिवस ठाण्यात बसवून पाहिलं, तो हललाही नाही. शेवटी अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

माझ्या फायलीत एक चूक कुणाला सापडली नाही. तिच्याकडे लपवायला एकच गोष्ट होती, ती मी तिच्या माणसांना कायद्याने वाचून दाखवली. मी काय शिकलो म्हणून विचारतात. शिकलो, पण तिच्या काही कामाचं नाही.