वस्तादांनी उशिरा धरलेला पंजा

वस्तादांच्या मनगटावर बोट ठेवलं तर नाडी इतकी सावकाश लागायची की नवख्याला वाटावं, हा माणूस गाढ झोपेत आहे. आमच्या लोहा गावात आरोग्य शिबिर भरलं तेव्हा सिस्टरबाईंनी दंडाला पट्टा दोनदा गुंडाळून पाहिला आणि बीपी कमी आहे म्हणाल्या. साठीतले वस्ताद हसले. "बाई, मेहनतीचं काळीज हाय. उगं धावपळ करत न्हाई." बाईंनाही ते पटलं. मात्र चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच दाखवा, असं त्यांनी बजावलं. तेवढं वस्तादांनी ऐकलंच नाही.

मी जनावरांचा दलाल. बाप लवकर गेला, म्हणून वस्तादांच्या तालमीत वाढलो, त्यांच्या ताटात जेवलो. पुढचं सगळं माझ्या जिभेवर कमावलं. आज बाजारात माझ्याशी घासाघीस करताना लोक दहादा विचार करतात. वस्ताद मात्र मला 'शेठ' म्हणून चिडवायचे.

तालमीची एक रीत आहे. मेहनतीनं अंग भरलं, दुखायला लागलं, तर बसून राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच मेहनत वाढवून दुखणं मोडायचं. दंड-मांड्यांना ती रीत लागूही पडते. गेल्या उन्हाळ्यात वस्तादांच्या छातीवर दाब यायला लागला. बैठका मारून उठले की अंधारी यायची, भिंत धरायचे. छाती भरलीय म्हणाले, तेल लावून रगडून घेतली आणि जोर वाढवले.

मी भांडलो. नांदेडला चला म्हणालो. मीठ घातलेलं लिंबूपाणी पीत ते म्हणाले, "ज्याचं बीपी कमी, त्याला काळजाचं दुखणं कुठून यायचं? ते तुझ्यासारख्या तापट माणसाला. तूच दाखवून ये." सगळी तालीम हसली.

शेवटी मी त्यांचा हात रुमालाखाली घेतला. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. पटला की समोरच्याचा पूर्ण पंजा धरायचा. मी त्यांचं एक बोट दाबलं. एक दिवस, म्हणजे उद्याच. त्यांनी माझी चार दाबली.

"चार दिवस?"

"महिने. जत्रंच्या कुस्त्या होऊ दे."

"चेष्टा करून राहिलात का, वस्ताद?"

"गिऱ्हाईक अडलं की दलालानं दम धरायचा असतो, शेठ," म्हणत त्यांनी हात काढून घेतला.

जत्रेआधीच एका सकाळी जोर मारताना ते आखाड्यात आडवे झाले. पोरं छाती रगडत बसली. मी पोचलो तेव्हा अंग थंड घामानं भिजलं होतं.

गावात म्हणतात, पैलवानाला शोभेल असं मरण, आखाड्याच्या मातीत. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वस्ताद मातीत गेले नाहीत. त्यांचा पुतण्या गाडी हाणत होता, मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि नांदेड अजून लांब होतं. बोलवत नव्हतं त्यांना. त्यांनी माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, चाचपडत माझा हात शोधला आणि रुमालाखाली पूर्ण पंजा घट्ट धरला.

उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला मी बाजारात उभं करत नाही. त्या दिवशी मात्र तो पंजा तसाच धरून बसलो. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तेव्हा धरणारा मी एकटाच उरलो होतो.