मामांचे मासे आणि काचेची कांडी

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. मी लग्न होऊन पेणला आले तेव्हा मामा नुकतेच एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर भरल्या गाडीत उभं राहिलेला माणूस, त्यांना घरात बसवेना. मग त्यांनी पुढच्या खोलीत माशांची काचेची टाकी आणली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. टाकीत काळेपांढरे पट्टे असलेले एंजल होते. ते इतके संथ फिरायचे की बघणाऱ्याला डुलकी लागावी.

मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते. नवरा पनवेलला शिफ्टमध्ये. तो घरात असला की झोपलेलाच असायचा, म्हणून या गोष्टीत तो फारसा येत नाही. मामा आणि मी एकमेकांशी जपूनच बोलायचो. गाडी वेळेवर होती का, पाऊस होता का, इतपतच.

मामांचे मासे मात्र टिकत नव्हते. दर रविवारी ते सगळी टाकी रिकामी करायचे, काचा घासायचे, नळाचं नवं पाणी भरायचे आणि एक-दोन दिवसांत एखादा एंजल तळाला आडवा पडायचा. आत्या म्हणायच्या, "खाडीवरचा माणूस तुम्ही. जन्मभर मासे खाल्लेत. ते ओळखून असणार तुम्हाला."

मामा हसायचे, पण मेलेला मासा परसात पुरताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. एकदा तो चेहरा पाहून मी धीर केला आणि म्हटलं, पाण्याचा पीएच बघायला हवा. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. पाणी किती आंबट आणि किती खारट-तुरट ते आकड्यात कळतं, सात म्हणजे अधलंमधलं, असं मी सांगितलं. खारट-तुरट हा शब्द लॅबमध्ये वापरला असता तर साहेबांनी मला परत कॉलेजात धाडलं असतं, पण मामांना तो पटला.

लॅबमध्ये नवा पीएच मीटर आला होता आणि जुना कपाटात पडून होता. साहेबांना विचारलं, त्यांनी आनंदानं दिला. लाल आकडे उमटणारा डबा, त्याला दोन बटणं आणि वायरीच्या टोकाला काचेची कांडी. कांडीच्या तळाला हरभऱ्याएवढा पातळ काचेचा फुगा. डबा पिशवीत घातला आणि कांडी टॉवेलात गुंडाळून पॅसेंजरनं येताना तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली.

त्या रविवारी मामांची शिकवणी झाली. बफरच्या, म्हणजे पाण्याला ठरावीक पीएच देणाऱ्या, गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून मी दोन बाटल्या केल्या, एक सातची आणि एक नऊ पॉइंट दोनची. कांडी आधी सातच्या पाण्यात बुडवायची आणि एका बटणानं आकडा सातवर आणायचा. मग ती धुऊन नऊच्या पाण्यात घालायची आणि दुसऱ्या बटणानं तोही आकडा जुळवायचा. त्यानंतरच टाकीला लावायची. मामांनी लगेच ओळखलं. "म्हणजे आधी वजनं खरी हायत का ते बघायचं, मग माल तोलायचा."

कांडीचा फुगा पुसायचा नाही, फक्त टिपायचा, आणि तो कधीच सुकू द्यायचा नाही, हेही मी सांगितलं. काम झालं की खारं पाणी भरलेलं रबराचं टोपण त्याला घालून ठेवायचं. मामांचे वडील मिठागरावर राबलेले. ते म्हणाले, "आमच्या बाबांचं असंच होतं. पाय खाऱ्यात नसले की त्यांना करमायचं नाय."

टाकीचा आकडा आला आठ पॉइंट चार. नळाच्या पाण्याचा आला सात पॉइंट एक. मला तळाच्या शिंपल्यांचा संशय आला. मामांनी आपल्या गावच्या खाडीवरून गोणभर आणून, धुऊन, हौसेनं पसरल्या होत्या. थेट तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मूठभर शिंपल्या नळाच्या पाण्यात घालून एक पातेलं फडताळात ठेवलं आणि रोज कांडी बुडवून त्यातला आकडा मामांना वाचायला सांगितलं. आकडा दिवसागणिक वर सरकत गेला. शिंपल्यांतला चुना पाण्यात उतरत होता. मासे हळूहळू त्या पाण्याला सरावायचे आणि रविवारी मामा त्यांना एकदम दुसऱ्याच पाण्यात सोडायचे. मामा पातेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्या शिंपल्या काढल्या आणि तुळशीभोवती रचल्या. सगळं पाणी बदलणंही सोडलं, थोडं थोडं बदलू लागले. एंजल मरायचे थांबले.

इथवर सगळं ठीक होतं. पण रिकामा माणूस आणि हातात कांडी. मामा रोज अंघोळ झाल्यावर सातचं आणि नऊचं पाणी मांडून बसायचे आणि त्यासाठी त्यांनी आत्यांच्या नैवेद्याच्या वाट्या पळवल्या होत्या. टाकी झाली की चहा मोजायचे. मग ताक, मग कोकमाचं सार. साराचा आकडा तीनच्याही खाली आला तेव्हा त्यांनी तो स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केला. आत्या म्हणाल्या, मला तो चव घेऊन कळतो, आणि माझी जीभ वाटीत बुडवून ठेवावी लागत नाही. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "काय गो, माशांच्या पाण्यातली कांडी ही, सारात बुडवण्याआधी धुतात ना?" मी मान डोलावली आणि त्या दिवशी सार घेतलं नाही.

मग एका संध्याकाळी मी घरी आले तर मामा टाकीसमोर सोड्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. टाकीचा आकडा अचानक साडेपाचवर आला होता. पाणी आंबलं म्हणून त्यांनी चमचाभर खायचा सोडा घातला. आकडा जेमतेम हलला, म्हणून आणखी एक चमचा. एंजल नेहमीसारखेच संथ फिरत होते, त्यांना कसलीच कल्पना नव्हती.

मी विचारलं, "मामा, आज सातच्या पाण्यात घालून बघितलं होतंत?"

मामांनी सोड्याचा डबा खाली ठेवला. "नाय," मग म्हणाले. "रोज सातच येतं. म्हटलं, आज काय नवीन येणार?"

कांडी सातच्या पाण्यात घातली. आकडा आला पाच पॉइंट सहा. पाणी बिघडलं नव्हतं, कांडीच बिघडली होती. उजेडात धरून पाहिली तर फुग्यावर पिवळट साय धरलेली. मामांनी मान खाली घातली आणि आदल्या दिवशी आत्यांचं बोंबलाचं कालवण मोजल्याचं सांगितलं. तेल आणि मासा, दोन्ही फुग्याला चिकटले होते.

पाणी थोडं थोडं बदलून सोडा उतरवला. कांडी मी लॅबमध्ये नेली. साबणाच्या पाण्यानं तेल सुटलं, पण मासा सुटेना. त्याला पेप्सिन घातलेल्या पातळ ॲसिडमध्ये भिजत ठेवावं लागलं. माणसाच्या पोटात अन्न पचवणारा रस तोच. मग खाऱ्या पाण्यात मुरवली आणि कांडी पुन्हा सात म्हणू लागली. घरी येऊन हे सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, "बोंबील बाधला तिला. तर ओव्याचं पाणी नाय का द्यायचं?" त्या दिवसापासून मामांची स्वयंपाकघरातली मोजणी कायमची बंद झाली.

पुढे एका दुपारी लॅबमध्ये माझ्यासाठी फोन आला. घरून कधी फोन यायचा नाही. आमच्याकडे तो नव्हताच. धावत गेले. पलीकडे मामा, शेजाऱ्यांच्या फोनवरून, घसा खाकरत.

"सूनबाई, घाबरू नको. एंजलनं अंडी घातली. पाणी सात पॉइंट दोन हाय." मग थोडं थांबून, "आधी कांडी तपासली हां."

साहेबांनी काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक ना. मी सांगितलं, अंडी घातली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जोडप्यानं सगळी अंडी खाऊन टाकली. मामा दिवसभर टाकीकडे पाठ करून बसले. आत्यांनी त्यांना चहा नेऊन दिला आणि समजावलं, पहिलटकरीण आहे, घाबरली असेल. पुढच्या खेपेला मामांनी अंडी वेगळ्या टबात काढली आणि त्यातली बरीच पिल्लं जगली. आळीतल्या लोकांनी मागितल्यावर त्यांनी अट घातली. आधी घरचं पाणी बाटलीतून आणायचं, ते मोजून जुळलं तरच मासा मिळेल. एका शेजाऱ्यांचं पाणी दोनदा परत गेलं. ते वैतागून म्हणाले, मुलीचं लग्न ठरवताना मी इतकी चौकशी नव्हती केली.

मामा कांडीला टोपण घालत म्हणाले, "तिथं नाय जुळलं तर पोरगी माहेरी तरी येते."