दुसरा गिअर आणि बुद्धाची बोटं

कामरगावला जीपमधून उतरले आणि पटाशीच्या ठोक्यांच्या आवाजामागे चालत गेले, तर मूर्तिकार देवानंदभाऊ सापडले. आमच्या विहारासाठी सांगितलेले सागवानी बुद्ध तयार होते. उजव्या हाताची बोटं आसनाच्या कडेवरून थेट जमिनीकडे उतरलेली. ही भूमिस्पर्श मुद्रा. पृथ्वी, तू साक्षी आहेस.

"सारा जीव या बोटायत हाय, ताई," भाऊ म्हणाले. "बोटं गेली त नुसतं लाकूड राह्यते."

बुद्धपौर्णिमा होती. संध्याकाळी आमच्या कारंजा गावात स्थापना. मूर्ती आडवी न्यायला मी गादी आणली होती. भाऊ उखडलेच. "आडवे बुद्ध म्हंजे महापरिनिर्वाण! म्या बसलेले केले!"

मग बुद्ध काळीपिवळी वडाप जीपच्या पुढच्या सीटवर, दुपट्ट्यांनी बांधून. मी मागे, एका पागोटेवाल्या काकांच्या आंब्यांच्या डालीला, म्हणजे टोपलीला, चिकटून.

जीप निघाली आणि ड्रायव्हर राजूचा हात थबकला. "ताई, दुसऱ्या गिअरले दांडा मांगं येते. बोटायलेच लागते!"

"मूर्ती उलटी फिरवू," मी म्हटलं.

"बुद्धाले रस्त्याकडं पाठ?" मागच्या बाया एकदम ओरडल्या.

मागे येणारे दुसरा आणि चौथा बाद; आता पहिला आणि तिसरा, दोनच गिअर उरले. पहिल्यातून थेट तिसरा टाकला की जीप घोड्यासारखी उधळायची आणि आम्ही सगळे पुढे वाकून बुद्धांना धरायचो. दुसऱ्या हिसक्याला मूर्ती सरकली. बोटं दांड्याच्या टोकाशी आली. काकांनी पागोटं सोडलं, घडी करून मध्ये कोंबलं.

"आता थांबू नको, राजू!" काका म्हणाले.

"काका, तुमचं गाव आलं नं."

"जाऊ दे गाव! थांबला त पुन्हा हिसका बसते."

गाव गेलं. काकांच्या नातवाने पारावरून हात केला, काकांनीही केला. आम्ही हसून हसून डालीवर पडलो. दोन आंबे फुटले, ते खाल्ले.

कारंज्यात मूर्ती उतरवताच मी आधी बोटं तपासली. शाबूत. काका मांडवात खिरीची वाटी घेऊन फोनवर बायकोला सांगत होते, "थांबलो नाई. काहून म्हंजे? सामनेच्या सीटवर बुद्ध होते!"

त्या बोटांनी साक्षीला पृथ्वीला बोलावलं होतं. आम्ही जीपवालेही साक्षीला गेलो, आमंत्रण नसताना.

स्थापना झाल्यावर काका परत निघाले, त्याच जीपने, पुढच्या सीटवर. राजूने पहिला टाकला, मग सावकाश दुसरा. गिअर बिनआवाज बसला आणि एव्हाना सगळा किस्सा ऐकलेल्या आमच्या अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.