कोंबड्यांचा मोमेंटम

बाजारात माणसं एकमेकांना फसवतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. मी मात्र भर बाजारात स्वतःलाच फसवलंय, आणि तेही गणिताचा मास्तर असून. घ्या, चहा घ्या. आता काय लपवायचं तुमच्यापासून?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी काष्टीच्या शाळेत गणित शिकवायचो. केडगावला दिनकर नावाचा माझा मित्र राहायचा. कॉलेजात कॉमर्स शिकवायचा आणि घरी शेअर बाजाराच्या इंग्रजी पुस्तकांत बुडालेला असायचा. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो, तर पठ्ठ्या म्हणाला, "नुसता भाव काय बघतोस? भावाचा मोमेंटम बघ."

"म्हणजे?"

"भाव किती जोरात चढतोय ते. आजच्या भावातून महिन्यापूर्वीचा भाव वजा कर आणि येईल ते आलेखावर मांड. रेघ शून्याच्या वर चढत राहिली की घेत सुटायचं. वाकली की विकून मोकळं व्हायचं."

इतकं सोपं? अहो, परतीच्या एसटीत मला सीटवर बसवेना. आता शेअर विकायला काष्टीत कोण बसलंय? पण काष्टीत आठवडी बाजार भरायचा आणि बाजारात गावरान कोंबड्या यायच्या. कोंबडीला काय, भाव नसतो?

कोंबड्यांच्या बाजारात भागूबाईचा शब्द चालायचा. तिनं सांगितला तो भाव. दर बाजारी मी पिशवी घेऊन सहज आल्यासारखा तिच्यापुढं उभा राहायचो, भाव विचारायचो आणि घरी येऊन आलेखावर ठिपका द्यायचो. महिना-दीड महिन्यात रेघेनं शून्यावर डोकं काढलं.

बायकोनं, म्हणजे मालतीनं, शिलाई मशीनसाठी पैसे साठवले होते. मी तिच्यापुढं आलेख पसरला.

"ही रेघ बघ."

"बघितली. पण मशीन?"

"अगं, मशीनच काय, वर बसायला स्टूलसुद्धा येईल."

तिनं पैसे दिले. माझ्या बोलण्यात तेवढा जोर होता.

पण मास्तर कोंबड्यांचा धंदा करतो, असं गावात व्हायला नको. म्हणून खरेदीचं काम मेहुण्यावर सोपवलं. संपत त्याचं नाव. राहायचा पलीकडच्या वस्तीवर, त्यामुळे काष्टीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. सायकलला दोन्ही बाजूंनी डालगी बांधून यायचा, कोंबड्या घ्यायचा आणि थेट सासूबाईंच्या अंगणात नेऊन सोडायचा. तो गेला की मी जायचो, पिशवी हलवत.

"काय भागूबाई, आज काय भाव?"

"चढलाय मास्तर. कुनीतरी बडं गिऱ्हाईक लागलंय. सायकलीवर गडी धाडतंय. मला तर वाटतं, कुन्या बागायतदाराकडं जावळाचं जेवान हाय."

ऐकलंत? बडं गिऱ्हाईक! मी जवळजवळ पळतच घरी आलो. ठिपका दिला, तर रेघ उभीच्या उभी वर. आलेख सांगतोय, भागूबाई सांगतेय, आणखी काय पाहिजे? संपतला निरोप धाडला : दुप्पट घे.

पुढच्या बाजारी भाव आणखी चढला.

"मास्तर, त्यो गडी दुप्पट न्यायला लागलाय. जेवान लई मोठं दिसतंय."

मी संपतला सांगितलं : मिळतील तेवढ्या घे. मला रात्री झोप लागेना. आलेखाच्या कागदाला वरून दुसरा कागद चिकटवावा लागला, म्हणजे बघा. तिकडं सासूबाईंचा निरोप आला, की कोंबड्या आता बाजेवर झोपतात आणि आम्ही खाली. मी म्हटलं, थोडी कळ काढा.

मग पैसे संपले. त्या बाजारी संपत गेला नाही आणि भाव जागच्या जागी थांबला. पुढच्या बाजारीही तसाच. रेघ वाकली.

मला दिनकरचा नियम आठवला. रेघ वाकली, म्हणजे विका, सगळ्या विका. संपतनं गाडीबैल जुंपून सगळ्या कोंबड्या बाजारात आणल्या. मी आपला भागूबाईशेजारी तिऱ्हाइतासारखा उभा. तिनं गाडी पाहिली आणि ओरडली, "आगं बया, ह्यो तर त्योच गडी. आता इकाया आलाय. म्हंजी जावळ ऱ्हाईलं."

झालं. जावळ राहिलं ही बातमी बाजारभर पसरली. ज्यांनी ज्यांनी कोंबड्या धरून ठेवल्या होत्या, त्या सगळ्यांनी एकदम विकायला काढल्या. भाव माझ्या डोळ्यांदेखत कोसळला. संपतनं अर्ध्याहून कमी भावात सगळ्या देऊन टाकल्या. मशीन गेलं, स्टूलही गेलं.

भागूबाईला मात्र राहवेना. तिनं संपतला विचारलं, "आरं, व्हतं तरी कुनाकडं जावळ?"

संपत सरळ माणूस. "जावळबिवळ काय न्हाई. आमच्या दाजींसाठी घेत हुतो," असं म्हणून त्यानं माझ्याकडं बोट केलं.

भागूबाई माझ्याकडं वळली.

"म्हंजी मास्तर, तुमचाच मेव्हना कोंबड्या घेऊन भाव चढवायचा?"

"व्हय," मी म्हणालो. माझीसुद्धा भाषा बदलली होती.

"आन् भाव चढलाय म्हनून तुमी आनखी घ्यायचा?"

"व्हय."

"आन् त्यानं घ्यायचं थांबिवलं, म्हनून भाव थांबला. भाव थांबला, म्हनून तुमी इकल्या?"

मी मान हलवली. आजूबाजूला चांगली गर्दी जमली होती. भागूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "मास्तर, शाळंत तुमी पोरास्नी शिकिवता तरी काय?"

मी खाली बघितलं आणि म्हणालो, "चित्रकला."